बिनफुलाची रोपं

"आईनं मला कम्प्युटर शिकायला घातलं ते काय जास्वंदीला पाणी घालायला?"

फारूक मुजावर हे कुंडीला उद्देशून म्हणाला होता. पण प्रयोगशाळेचं काचघर लहान होतं आणि डॉ. वासंती केळुसकर त्याच्या पाठीमागेच उभ्या होत्या.

"आईला विचारून ये," त्या म्हणाल्या. "तोवर हा नकाशा बघ. काय दिसतंय?"

पडद्यावर बंद पडलेल्या क्रोम कारखान्याची सोळा एकर जमीन पसरली होती. बावीस वर्षं टाळं लागलेली, सरकारी भाषेत 'डागी जमीन'. अशी जमीन नेमकी कुठे नासली आहे हे शोधायला पूर्वी दर दहा फुटांवर भोक पाडून माती काढावी लागे. ते इतकं महाग पडे की कोणी काढतच नसे. त्यावर वासंतीबाईंनी साक्षीफूल तयार केलं. पांढऱ्या जास्वंदीची ही नवी जात मुळांतून क्रोमियम ओढते आणि फुलाचा रंग बदलते. स्वच्छ मातीत पांढरं, थोडं विष असेल तर गुलाबी, भरपूर असेल तर लालभडक. आवारभर रोपं लावायची, चार महिने रोज सकाळी दहाला उडत्या डोळ्याने वरून फोटो काढायचे, रंग मोजायचे. झाला डागनकाशा तयार.

"मेदूवडा," फारूक म्हणाला.

"काय?"

"हा उत्तरेचा कोपरा. गुलाबी कडं आहे आणि मध्ये भोक. भोक एकदम स्वच्छ."

"विष कसं पसरतं?"

"सांडलं तिथे जास्त. लांब जाऊ तसं कमी."

"मग मध्ये काय हवं?"

"लाल." फारूकने झारी खाली ठेवली. "मॅडम, चार महिन्यांत आपल्याला एकही लाल फूल दिसलेलं नाही."

"मधली फुलं पांढरी आहेत?"

त्याने फोटो मोठे करकरून पाहिले. "फुलंच नाहीत. जास्वंद एका दिवसाची, एखादं रोप कधी मोकळं असणारच. म्हणून बिनफुलाचं रोप निर्दोष धरायचं. नियम तुमचाच आहे."

"हो," वासंतीबाई म्हणाल्या. "माझाच."

चार महिन्यांत एकही रंगीत फूल न दिसलेला सोळा एकरांतला हा एकच तुकडा होता. म्हणून आखणीयंत्राने या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतीची बालवाडी तिथे बसवली होती. सगळ्यात स्वच्छ जागा लहान मुलांना द्यायची, असा नियम होता. तो दुसऱ्या कुणीतरी केला होता आणि चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जागेवर गेले. मधल्या तुकड्यातली रोपं हिरवीगार होती. फांदीफांदीच्या टोकाला ओला, तुटका देठ.

"बकऱ्या असतील," फारूक म्हणाला.

"बकरी आधी पान खाते. आणि ती नखाने खुडत नाही."

वासंतीबाईंना पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांची आई आयुष्यभर प्लास्टिकची पिशवी घेऊन सकाळी फिरायला जायची आणि परक्यांच्या कुंपणावरची फुलं आणून देवाला वाहायची. तिला चोरी म्हटलेलं चालत नसे. पांढऱ्या-गुलाबी जास्वंदीकडे ती बघायचीही नाही, गणपतीला लाल लागतं. अशा बाईच्या मुलीने विषाला रंग निवडला तो लाल.

जिथे विष जास्त तिथे फूल लाल. लाल ते खुडलेलं. खुडलेलं ते निर्दोष. नकाशा नेमका उलटा झाला होता.

त्यांनी रुमालात मूठभर माती बांधून आणली. परीक्षानळीत घालताच द्राव गर्द जांभळा झाला. क्रोमियम, आणि तेही वाईटातलं. पण पंचनाम्याशिवाय आणलेली माती कागदावर माती नसते. निर्दोष ठरलेल्या जमिनीला पुन्हा हात लावायचा तर पाहणीत ढवळाढवळ झाल्याचा रहिवाशाचा सहीनिशी जबाब हवा. भूमिपूजनाला चार दिवस उरले होते.

कारखान्याच्या जुन्या कामगारांची एकशे चाळीस घरं समोरच पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. तात्पुरती सोय म्हणून आणली होती, त्याला नऊ वर्षं झाली. सोळा एकरांत त्यांना पक्की घरं मिळायची होती. गुलाबी चालणार होतं, पण लाल निघून जमीन कायमची डागी ठरली तर योजना रद्द, आणि माणसं पस्तीस किलोमीटर लांबच्या माळावर. ही अट वस्तीतल्या लहान पोरांनाही पाठ होती.

समाजमंदिरात सगळे जमले. वासंतीबाईंनी काहीच लपवलं नाही. जांभळी नळी दाखवली, आपला नियम चुकला हेही सांगितलं.

"बघा, मॅडमच म्हणतात चूक त्यांची!" वस्तीचे पुढारी दिगंबर ठोसर उठले. "आमच्यातल्या कुणी फुलाला हात लावलेला नाही. बाहेरची माणसं फिरायला येतात. काय हो?"

माना हलल्या. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे मात्र कोणी बघेना.

"ठोसरभाऊ, चार महिने, रोज, एकूणएक लाल फूल?" फारूकने विचारलं. "फिरायला येणारे चिकाटीचे दिसतात."

"चेष्टा नको. तुम्ही असं करा, बालवाडी गुपचूप दुसरीकडे सरकवा. घरं राहू द्या. मुलं वाचली, आम्हीपण वाचलो."

"आणि तिथे काय येईल?" वासंतीबाई म्हणाल्या. "कुणाचं तरी स्वयंपाकघर येईल, नाहीतर पाण्याची टाकी. मला एक जबाब हवाय. एकच."

पंख्याखाली कोणीतरी खोकलं. बायकांनी पदर सारखे केले.

रंजना लोंढे मागच्या रांगेत होत्या. साठी ओलांडलेली बाई, मांडीवर तीन वर्षांची नात, ओवी. ओवीचं नाव बालवाडीच्या यादीत पहिलं होतं. त्यांच्या नवऱ्याने, लोंढेकाकांनी, कारखान्याच्या प्लेटिंग खात्यात एकोणीस वर्षं काढली. शेवटी शेवटी त्यांच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं आणि ते त्यातून दोरा ओवून पोरांना हसवायचे.

रंजनाबाईंनी नातीला शेजारणीकडे दिलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"काकू, बसा," ठोसर हळूच म्हणाले. "बसा. तुमचा तिसरा मजला आहे, पूर्वेचा."

"माहितीय रे दिगू. खिडकीचा पडदासुद्धा शिवून ठेवलाय." त्या वासंतीबाईंकडे वळल्या. "बाई, लिहून घ्या. बाहेरचं कोणी नव्हतं. मी पहाटे साडेपाचला जायचे. ही सुमन, ती शालन, यांची आई, त्यांची सासू, सगळ्या यायच्या. पिशव्या भरायच्या."

"काकूंना रंगाचा अर्थ माहीत नव्हता," ठोसर घाईने म्हणाले. "देवभोळी माणसं आहोत आम्ही, मॅडम. श्रद्धेने झालं."

फारूकने लिहायला घेतलं होतं. रंजनाबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"तसं नको लिहूस बाळा. ह्यांनी जिथे पिंपं ओतली ती जागा मला कळी यायच्या आधीपासून ठाऊक आहे. इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे." त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. "पहिले आठ दिवस देवासाठी तोडली. मग भोंग्याची रिक्षा येऊन सांगून गेली, लाल म्हणजे विष. त्यानंतरची आम्ही घरासाठी तोडली."