भुऱ्याचा पंजा

आळंदच्या तूरबाजारात श्रीपतरावांना दोन गोष्टी बिनकामाच्या वाटत : डॉक्टर आणि दुसऱ्याची अक्कल. स्वतःची अक्कल त्यांनी कधी बाजारात आणलीच नाही, त्यामुळं तिचा भाव कुणाला कळला नाही.

साखरेचा आजार जुना. सकाळी इन्सुलिनची सुई टोचायची, जेवण विसरायचं, की साखर उतरून दुकानातच पोत्यावर आडवे. म्हणून मुलीनं, मंजुश्रीनं, बंगळुरूहून शिकवलेलं कुत्रं आणून दिलं. भुऱ्या. साखर उतरायला लागली की त्याला वासावरून कळायचं. मग तो त्यांच्या उजव्या गुडघ्यावर तीनदा पंजा ठेवायचा आणि खुंटीवरची गुळाची थैली तोंडात धरून आणायचा.

"अप्पा, पंजा पडला की गूळ खायचा. वाद घालायचा न्हाई."

"कुत्र्यानं मला शिकवायचं व्हय? भिकारडं हाय, भाकरी मागायलंय."

श्रीपतराव तुकडा भिरकावत. कुत्रं तुकड्याकडं बघायचंच नाही, त्यांच्याकडं बघायचं. ते जास्त झोंबायचं.

वैशाखात उपास धरून ते गाणगापूरला निघाले, तर भुऱ्या उंबऱ्यात आडवा. घरगडी मल्लप्पाला सांगून त्यांनी कुत्र्याला पत्र्याच्या खोलीत बांधायला लावलं.

"अण्णा, ऊन लई हाय. पाणी तरी..."

"मी आल्यावर ठिव." कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

गाणगापुरात भर बाराला दत्तमहाराज कुठल्याही रूपात माधुकरीला येतात, असं मानतात. त्या वेळेला तिथं कुत्र्यालाही कुणी हाड म्हणत नाही. श्रीपतराव ओट्यावर टेकले. सुई घेतलेली, पोट रिकामं. घाम फुटला. ऊन पांढरं पडलं, घंटा लांब लांब गेली... आणि उजव्या गुडघ्यावर पंजा पडला. विहिरीच्या तळासारखा गार. एकदा... दोनदा... तीनदा.

लाथ मारायला त्यांनी पाय उचलला. पण चारचौघं बघत होते, म्हणून खाली टेकवला. समोर कुत्रं नव्हतंच. मांडीवर गुळाची थैली होती, लाळेनं ओली. ती तर आळंदला खुंटीवर होती.

गूळ खाल्ला. जिवात जीव आला. तेवढ्यात मल्लप्पाचा फोन.

"अण्णा... म्या कुलूप तोडलं. भुऱ्या गेला."

दुसरा असता तर रडला असता. श्रीपतरावांची छाती फुगली. "मेलेलं कुत्रं गाणगापुरात येतंय, म्हंजे दत्ताचंच की! खास माझ्यासाठी धाडलंय." आठवडाभर बाजारात हेच. पाणी न पाजल्याचा उल्लेख तेवढा गाळून.

पंजा येत राहिला. जेवताना, दाढी करताना. साखर मोजायचं मशीन तीनशे दाखवायचं, तरी गार पंजा तीनदा. आणि हे महाशय डोळे मिटून, हात जोडून गूळ खायचे.

मंजुश्री फोनवर रडायची. "अप्पा, साखर चढलीय! गूळ कामून खायलाव?"

"तूच म्हणलीस न्हवं, वाद घालायचा न्हाई? आन् परसादाला न्हाई म्हणू व्हय? मशीनला काय कळतंय? मशीन आलतं का गाणगापूरला?"

पावसाळ्यात उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. मग पाऊल. दिवाळीच्या तोंडावर कलबुर्गीच्या एका दवाखान्यात पाय मांडीपासून कापला.

शुद्धीवर आल्यावर श्रीपतरावांनी आधी चादरीकडं पाहिलं. उजवीकडं ती सपाट, रिकामी. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते खरं बोलले, "सुटलो रं, मल्लप्पा. मला लई भ्या वाटत हुतं त्याचं. आता पंजा ठेवील कुठं?"

"झोपा, अण्णा."

खिडकीत दुपारचं ऊन होतं. कुठंतरी बाराचे टोले पडले. श्रीपतरावांनी मल्लप्पाचं मनगट धरलं.

"मल्लप्पा... गूळ हाय का रं?"

"अण्णा, आता कशाला..."

मल्लप्पाची नजर चादरीवर गेली. गुडघा जिथं असायला हवा होता, तिथं चादर दबली. वर आली. पुन्हा दबली. वर आली.

तिसऱ्यांदा दबली, ती वर आलीच नाही.