चौकोनी प्रभावळ

मेरोपीकाकूंच्या गल्लीवरून जायची वेळ आली, तर मी लांबून वळसा घालते. का, ते सांगते. पण मध्ये बोलू नका, मला पुन्हा धीर होणार नाही.

थेस्सालोनिकीच्या वरच्या वस्तीतलं ते जुनं चर्च. भूकंपात भिंतीवरच्या खड्यांच्या चित्राचा एक तुकडा ढासळला होता. चित्रात संत, आणि शेजारी शेकडो वर्षांपूर्वी ते चर्च बांधवून घेणारा एक गृहस्थ. त्याच्या डोक्यामागची प्रभावळ चौकोनी. आमच्याकडे गोल प्रभावळ संतांना, गेलेल्यांना. चित्र करताना जो जिवंत असेल त्याला चौकोनी. तीच मला पुरी करायची होती.

माझे मास्तर अनेस्तिस. त्यांचा चेहरा चित्रातल्या त्या गृहस्थासारखाच, भुवयाही तशाच जाड, जुळलेल्या. सगळे त्यांना त्यावरून चिडवायचे. त्या दिवशी ते परांचीखालून ओरडले, "फोटिनी, खडे बसवतेस की न्हाणीघराची फरशी घालतेस? आंधळाही याहून बरं करील!"

सगळ्यांदेखत! माझं डोकंच फिरलं. ओल्या चुन्यात मी मुद्दाम प्रभावळ गोल बसवली. "घ्या मास्तर, आता बसा कायमचे गप्प!"

ते वर आले, बघितलं आणि पोट धरून हसले. "मेलो की गं मी! उद्या नीट कर हो."

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. सकाळी कॉफीचा कप हातात असतानाच गेले.

माझं मन मला खायला उठलं. दफन आटोपून मी घरी गेलेच नाही. तशीच परांचीवर चढले, गोल खडे उपटले, चौकोन केला. "जिवंत राहा मास्तर, मला माफ करा," असं काहीबाही पुटपुटत होते. वेडेपणाच तो. पण हात थांबेनात.

मास्तर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला गोड गव्हाचं ताट मांडलं होतं. प्रार्थना संपली, तशी मास्तरांच्या बायकोनं, मेरोपीकाकूंनी, मला खांबाआड ओढलं. त्यांच्या कपड्यांना ओल्या चुन्याचा वास येत होता.

"पोरी, तुझ्या गोल प्रभावळीचं त्या रात्री त्यानं मला हसत सांगितलं होतं. तू ती पुन्हा चौकोनी केलीस ना?"

"हो..."

"गोल कर गं बाई. तो रोज दुपारी जेवायला येतो. जेवत नाही, बोलत नाही. नुसता बसतो... माझ्याकडे बघत."

"काकू, म्हणजे पुन्हा मीच त्यांना...?"

"तूच. माझ्यानं आता सोसवत नाही."

सोमवारी भर दुपारी मी छिन्नी घेऊन चढले. खाली चिटपाखरू नव्हतं. मेणाचा शिळा वास, आणि माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. एकदा रागानं मारलं, आता दयेनं मारायचं. कुठल्या तोंडानं देवापुढे उभी राहणार होते मी? छिन्नी प्रभावळीच्या सोनेरी खड्यांवर टेकवली, तोच फोन वाजला. मेरोपीकाकू. आवाज अगदी दबका.

"फोटिनी... थांब. आज तो बोलला."

"काय म्हणाले मास्तर?"

"नीट कळलं नाही. आपलीच भाषा, पण फार जुनी... चर्चच्या पोथीतली असते तशी. तुझं नाव घेतलं. तुझे उपकार मानत होता बहुतेक."

मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"आणि अगं... तो आवाज माझ्या नवऱ्याचा नाही."