रजईतलं काळं कापड

त्या सकाळी खामगावात असं धुकं पडलं होतं की समोरच्या जिनिंगचं धुराडंसुद्धा दिसत नव्हतं. अर्पिता ढगे आपल्या ऑफिसात डोळे मिटून बसली होती. ऑफिस म्हणजे काय, तेलाच्या गिरणीवरची एक खोली, तीन खुर्च्या आणि दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी. पाहणाऱ्याला वाटे बाई झोपल्यात. हरिओमभाऊजींना तर कित्येक वर्षं तसंच वाटत आलं होतं.

भाऊजी म्हणजे अर्पिताच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीतून मोकळे झाल्यापासून ते तिची गाडी चालवत आणि तिच्या आधी निष्कर्ष काढत. निष्कर्ष चुकला तरी त्यांची भूक मात्र कधी चुकत नसे.

"जिन्यात कोणीतरी थांबलंय," डोळे न उघडता अर्पिता म्हणाली. "आत यायचा धीर होत नाहीये. बोलवा त्यांना."

आत आली ती साठीची बाई. काळ्या बुरख्यावर कापसाचे तंतू चिकटले होते.

"मी सरवरी. वरवट बकालची. रजया भरतो आम्ही." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "बाई, माह्या पोरीले पुन्हा घेऊन जातीन ते."

तिची पोरगी कोण, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सफा. दहाएक वर्षांपूर्वी मोबाइलवर ओळख झालेल्या मुलाशी लग्न करून ती परदेशात गेली आणि तिथल्या अतिरेक्यांच्या टोळीत सामील झाली. पुढे नवरा मेला, टोळी फुटली, सफा कैद्यांच्या छावणीत सापडली. तिला परत घ्यावं की नाही यावर टीव्हीवर महिनोन्‌महिने भांडणं झाली. भांडणाऱ्यांतल्या एकालाही वरवट बकाल नकाशावर दाखवता आलं नसतं. शेवटी तिला आणलं, कोठडीत ठेवलं, आणि खटला संपेपर्यंत आईकडे राहायची मुभा कोर्टानं दिली. अट अशी की त्या टोळीशी नातं सांगणारी एक चिंधीही तिच्याजवळ सापडता कामा नये.

"अन् आता चिंधी सापडली," सरवरी म्हणाली. "शेजारच्या पुष्पाबाईनं रजई भरून घेतली. त्यायच्या मालकानं, भगवानरावानं, ती अंगावर घेतली तं आत सळसळ झाली. उसवून पाह्यलं तं काळं कापड निघालं, त्यावर त्या टोळीचं पांढरं निशाण. भगवानराव चौकीत गेले. परवा कोर्टात तारीख हाय."

"तुम्ही टाकलं नाही?"

"नाही."

"सफानं?"

सरवरीनं बुरख्यावरचा एक तंतू उपटला. "तेच पाहाले तुमच्याकडं आली. तिनं टाकलं असंन तं तेबी सांगा. घरात म्या कोणाले घेतलं, मले समजलं पाहिजे."

धुक्यातून गाडी रांगत वरवटला पोचली. रस्ता संपतो कुठं आणि कापसाची शेतं सुरू होतात कुठं, काही कळत नव्हतं.

आधी चौकी. जमादारानं रजई आणि कापड टेबलावर पसरलं. अर्पितानं कापड उचलून खिडकीशी धरलं. दाट काळं कापड होतं. त्यातून उजेडाचा एक ठिपकाही आला नाही. चार बोटं रुंदीच्या घडीच्या खुणा त्यावर उमटल्या होत्या. निशाण पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेलं होतं. तिनं नख टेकवलं, तर रंगात नखाची खूण उठली.

मग रजई. लाल सुती कापड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाक्यांच्या सरळ ओळी, दोन ओळींत चार बोटांचं अंतर. एका कडेची शिवण उसवलेली होती. अर्पितानं त्या फटीत हात घातला आणि कापूस चाचपला. मूठ उघडली तर तळहातावर ज्वारीचे दाणे होते.

"शेतकऱ्याचं घर हाय, मॅडम," जमादार हसला. "त्यायच्या उशीतबी ज्वारी सापडीन."

भाऊजीही हसले. अर्पितानं दाणे कागदात गुंडाळून जमादाराच्या हवाली केले आणि जपून ठेवायला सांगितले.

सरवरीच्या घरी पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र नुकतंच थांबलं होतं. हवेत रुई तरंगत होती, खाली बसायचं नावच घेत नव्हती. त्या पांढऱ्या हवेत माणसं अर्धवट दिसत आणि आवाज मऊ होऊन येत. भाऊजींना तिथं एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांनी खिशातून शेगावच्या कचोरीचा पुडा काढला.

"इथं नका खाऊ, भाऊ," सरवरीचा मुलगा अजहर पुढं आला. "एक दाणा पडला तं उंदीर साऱ्या रजया कातरतात. अम्मी कामाले बसू देत नाही आमचे खिसे झाडल्याबिगर."

भाऊजींनी पुडा असा काही परत ठेवला की जणू कोणी त्यांचं पेन्शनच बंद केलं होतं.

"बहीण परत आली, तुला कसं वाटलं?" अर्पितानं विचारलं.

अजहर यंत्रावरची रुई झटकत राहिला. "माह्यं लग्न मोडलं तिच्यापायी. गिऱ्हाईक तुटलं. पोलीस रात्री-बेरात्री बोलवतात. बहीण हाय, मारून टाकू का? पण खरं सांगतो, ती गेली तं मी रडीन, अन् मग मले झोप लागीन."

"रजई कोणी पोचवली?"

"म्याच."

सफा आतल्या खोलीत काठीनं कापूस सारखा करत होती. तिशीची बाई, पण नजर जमिनीवरून उठत नव्हती.

"तिकडं काय करायचीस?"

"रांधत होती. त्या सगळ्यायचं. ते काय करून येतात, पहिले मालूम नव्हतं. मग झालं." काठी थांबली. "तरी रांधलं."

"ही रजई?"

"म्या कापूस पिंजला, अम्मीनं भरला, टाके घातले. मले सुई नाही धरवत, हात कापते. पण तुम्ही म्हणसान मी खोटं बोलते, तं म्हणा. नाही म्हणाचा हक्क मले नाही राह्यला."

दोन घरांच्या मध्ये कमरेइतकी भिंत होती. पलीकडे भगवानरावांच्या अंगणात काळ्या दगडाचं स्मारक होतं. त्यांचा मुलगा गोकुळ सैन्यात होता. सीमेवर स्फोटात गेला. धुक्यात बाकी सगळं फिकट झालं होतं, पण त्या दगडावर नावाची अक्षरं नव्या रंगानं पांढरीशुभ्र उठून दिसत होती.

भगवानरावांनी खाट दाखवली आणि कोणी विचारण्याआधीच बोलायला लागले. "हाव, मी विरोध केला. ग्रामसभेत केला, तोंडावर केला. माहा पोरगा पेटीत आला, बाई. पेटी उघडूबी नाही देली. अन् ही तिकडं जाऊन त्याहिच्या भाकरी थापते, अन् जित्ती वापस येते! कोण्या न्यायानं? पण चिंधी टाकाची असती तं मी लपून काऊन टाकीन? मले लपून काहीच जमत नाही. चोरून तंबाखू खाल्ली तरी साऱ्या गावाले मालूम होते."

हे मात्र खरं असावं, असं भाऊजींनाही वाटलं.

"रजई आली तेव्हापासून कुठं होती?"

"ऊन देयाले टाकली होती मधल्या भितीवर. मग धुकं पडलं, थंडी वाढली, तं म्या अंगावर घेतली."

ओसरीवर पुष्पाबाई वाकळ शिवत बसली होती. वाकळीत जुन्या शर्टांचे तुकडे होते आणि ते कोणाचे हे विचारायची गरज नव्हती. जवळ दोऱ्याचं रीळ, कात्री, ज्वारीची वाटी. एक कोंबडी वाटीभोवती घुटमळत होती.

याच पुष्पाबाईनं ग्रामसभेत उभं राहून म्हटलं होतं, 'येऊ द्या लेकराले घरी.' गोकुळची आई असं बोलल्यावर सभेत कोणाची जीभ उचलली नाही. सफा गावात राहिली ती त्या एका वाक्यावर.

"त्यायले कोणी काम देत नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं, एक रजई तं भरून घेऊ. सरवरी माह्यी लग्नापासूनची सोबतीण." बोलता बोलता तिनं वाटीतली चिमूट वाकळीच्या उघड्या तोंडात सोडली, शिवण मिटवली, दोरा दातानं तोडला. भाऊजी कोंबडीकडे पाहत होते.

"स्मारकाची अक्षरं सुरेख आहेत," अर्पिता म्हणाली.

"माह्याच हातानं रंगवते. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही."

बाहेर आल्यावर भाऊजींनी अखेर कचोरी गाठली. "अजहर," ते तोंड भरून म्हणाले. "रजई त्यानं पोचवली. बहीण गेली की झोप लागेल, हे त्यानंच कबूल केलं. उघड आहे."

"कापड त्यानं टाकलं असतं, तर तो हे असं उघड बोलला नसता," अर्पिता म्हणाली. ती फार थकल्यासारखी दिसत होती. "सगळ्यांना अंगणात बोलवा, भाऊजी. हे काम मला आज आवडत नाहीये."

दुपार झाली तरी सूर्याचा पत्ता नव्हता. अंगणात खाटेवर भगवानराव, ओसरीवर पुष्पाबाई, पायरीशी सरवरी आणि अजहर. सफा भिंतीपलीकडेच उभी राहिली. परत आल्यापासून तिनं त्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

"रजई भरून झाली की टाके घालतात," अर्पितानं सुरुवात केली. "सुई वरच्या कापडातून, कापसातून, खालच्या कापडातून आरपार जाते. आत आधीपासून दुसरं कापड असतं तर त्याची चाळण झाली असती. मी ते उजेडात धरलं. एक भोक नाही. म्हणजे रजई पूर्ण शिवून झाल्यावर कोणीतरी कड उसवली, दोन ओळींमधल्या जागेत मावेल अशी घडी करून कापड सरकवलं आणि कड पुन्हा शिवली."

"तेच तर मी म्हणतो," भाऊजी म्हणाले. "पोचवताना अजहरनं..."

"रंग अजून ओला आहे, भाऊजी. निशाण परदेशातून आलेलं नाही, इथंच काढलंय. सफाला अडकवायला. आता राहिले दाणे."

"कोणते दाणे?" भगवानरावांनी विचारलं.

"ज्वारीचे. कापड निघालं त्या कडेशीच, कापसात होते. सरवरीच्या घरात दाण्याला थारा नाही. खिसे झाडून कामाला बसतात ती माणसं. त्यांच्यापैकी कोणीही, कितीही राग असला तरी, रजईत धान्य सोडणार नाही. उंदीर लागेल ही भीती त्यांच्या हातात मुरलेली आहे." अर्पिता ओसरीकडे वळली. "दुसऱ्या कोणाच्या हातात दुसरी सवय मुरलेली असते. काकू, वाकळ मिटवताना तुम्ही आत दाणे का सोडता?"

पुष्पाबाईनं मांडीवरच्या वाकळीवर हात फिरवला. "माह्या सासूनं शिकवलं. वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये म्हणे. पांघरणाऱ्याले सुखाची झोप लागते."

"त्या दिवशीही हातानं तेच केलं."

"केलं असंन. मले आठवतबी नाही." मग तिनं मान खाली घातली. "हात ऐकत नाही न, बाई."

"पुष्पा?" भगवानराव उठून उभे राहिले. "अवं, तू तं सभेत..."

"सभेत बोलली ते खरं होतं. अगदी मनातून होतं." तिचा आवाज अजूनही हळूच होता. "मग रजई भितीवर उन्हात होती, त्या दिवशी मी गोकुळचं नाव रंगवून राह्यली होती. पल्याड सरवरी सफाच्या डोक्याले तेल लावून देत होती. काय झालं कोण जाणे, ही हसली. सरवरीबी हसली. माह्या हातात रंगाचा ब्रश होता. मले वाटलं, हे हसणं थांबलं पाहिजे. बस, एवढंच वाटलं. जुन्या छत्रीचं कापड फाडलं, टीव्हीत दाखवतात तसं निशाण काढलं. वाळलं वरवर, अन् टाकलं."

अजहर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

"मी तक्रार वापस घेतो," भगवानराव घाईनं म्हणाले. "बाई, घरातली गोष्ट घरातच राहू द्या."

"कापड आता कोर्टात जाणार. तक्रार मागे घेऊन ते नाहीसं होत नाही," अर्पिता म्हणाली. "मी सांगितलं तर तो माझा तर्क ठरेल. काकूंनी स्वतः चौकीत जबाब दिला, तरच सफा घरी राहील. नाहीतर परवा तिला नेतील."

"काकू," भिंतीपलीकडून सफानं हाक मारली. पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती. "गोकुळभाऊले मारणारे दुसरे होते. पण म्या ज्याहिले जेवू घातलं, त्याहिनंबी कोणाचे तरी गोकुळ मारलेच असतीन. मी माफी मागत नाही. माफ नका करू मले. फक्त राहू द्या."

पुष्पाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं वाकळ घडी करून बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि पायरी उतरून चपला घातल्या. भगवानराव मागे निघाले.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली आणि सरवरीसमोर येऊन थांबली. "तू चाल. चौकीत एकटीनं जायले भेव वाटते मले."

सरवरी उठली. अर्पिता आणि भाऊजी बाजूला झाले. फाटकाशी पुष्पाबाईनं तिचा दंड धरला.

"आईक, सरवरी. म्या तुह्या पोरीले माफ नाही केलं. जबाब देते म्हणून तसं समजू नको."

"हाव," सरवरी म्हणाली. "माह्यानंबी नाही झालं अजून."

आणि दोघी चौकीच्या वाटेला लागल्या.