पाचवं पान

ही घटना माझ्या घरातली आहे. जबलपूरला, नेपियर टाउनमध्ये. एकही नाव बदललेलं नाही.

साल २००७. माझ्या मुलाची, शशिकांतची, मुलगी मनीषा त्याच वर्षी शिकायला जर्मनीला गेली. घरातून विमानात बसणारी ती पहिली. तिची आई तयार नव्हती. "एकटीला जमलं नाही तर महिन्याभरात परत बोलावीन," या अटीवर तिनं पाठवलं.

सर्वपित्री अमावास्या होती. सकाळी साडेअकराला मनीषाचा फोन आला.

"आबा, मी पण आज पितरांचं करते. मम्मीला नका सांगू. सगळं अकेली करणार."

"वडे जमतील?"

"जळले तर पितर खातील. मी थोडीच."

मी सांगितलं, प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान वाढ. नाव घेऊन जेवायला बोलाव. पानं खिडकीपाशी ठेव.

मग नावं सांगितली. माझे वडील रामकृष्ण. आई सत्यभामा. मोठा भाऊ दिवाकर. माझी बायको इंदिरा.

चार.

फोन ठेवला आणि शशिकांतबरोबर गच्चीवर कावळ्यासाठी पान घेऊन गेलो. अर्धा तास उभे होतो. एरवी कावळ्यांनी गच्ची भरते. त्या दिवशी एकही आला नाही.

कुठूनही आवाजसुद्धा नाही...

खाली घरात फक्त माझी धाकटी बहीण बेबी होती. ती स्वयंपाकघरात होती.

साडेचारला मनीषाचा पुन्हा फोन आला.

"झालं, आबा. पाँचों पानं वाढली. वडे फुटले, पण खीर मस्त."

"पाच काहून? मी चार नावं सांगितली."

"अरे, मी फोन ठेवूनच राहिली होती, तर तुम्ही म्हणाले ना, थांब, एक राहिलं."

"मी म्हणालो?"

"तुमचाच आवाज. तुमचाच खोकला."

"कोणाचं नाव सांगितलं?"

"सुहासिनी. ये कौन थी, आबा?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"चार पानं तशीच आहेत," ती म्हणाली. "पण पाचवं..."

"पाचवं काय?"

"साफ. एक शीत नाही. आणि खिडकी तर बंद आहे."

हे नाव आमच्या घरात एकोणपन्नास वर्षं कोणी घेतलं नव्हतं. १९५८ साली वर्ध्याला लग्नात बेबीचं ठेवलेलं नाव ते. आठ महिन्यांत नवरा गेला. ती माहेरी परत आली आणि ते नाव पुन्हा घ्यायचं नाही अशी तिनं सगळ्यांना शपथ घातली. शशिकांतलाही ते माहीत नव्हतं.

जिवंत माणसाच्या नावानं पान वाढलं गेलं होतं.

आधी मला पोरीचा संशय आला. कुठल्या जुन्या कागदावर वाचलं असेल, थट्टा करत असेल. मग बेबीचा आला. मी स्वयंपाकघरात गेलो. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली,

"दादा, पोरीला माझं ते नाव काहून सांगितलं?"

"कधी?"

"सकाळी. तू हॉलात फोनवर बोलून राहिला होता. मी दारातून पाहिलं ना."

"माझं तोंड पाहिलं?"

"पाठ होती. दोनदा हाक मारली... तू वळला नाही."

मी शशिकांतला गाठलं. "सकाळी गच्चीवरून मधे मी खाली गेलो होतो का रे?"

"नाही बाबा. तुम्ही जागचे हलले पण नाही."

त्या रात्री बेबी जेवली नाही. म्हणाली, पोट भरलंय.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. घास समोर धरला की हात जोडायची. "आत्ताच तर जेवली, दादा."

डॉक्टरला दाखवलं. त्यांना काही सापडलं नाही. मग मी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, ज्यानं नाव घेऊन बोलावलं, त्यानंच क्षमा मागून पाणी सोडायचं. दुसऱ्या कोणाचं चालत नाही.

म्हणजे मनीषानं.

मी फोनकडे निघालो, तर बेबीनं हात धरला. हाताला वजन राहिलं नव्हतं.

"पोरीला सांगू नको. घाबरून परत येईल."

"येऊ दे."

"एकदा परत आलेलीला कोणी पुन्हा जाऊ देत नाही, दादा. माझं पाहिलं ना तू?"

मी खाली बसलो. फोन केला नाही.

मनीषा तिकडे राहिली. शिकली. पुढच्या सर्वपित्रीला तिनं स्वतःहून फोन केला.

"आबा, मागच्या वेळची पाच, आणि बेबी आजीचं सहावं. बरोबर ना?"

"नको. पाचच वाढ."

"काहून?"

 मी फोन ठेवला आणि रिसीव्हरवर हात तसाच दाबून बसलो. घरात दुसरं कोणी नव्हतं.

तरी मागे कोणीतरी खोकलं...

अगदी माझ्यासारखं.

माझी बहीण बेबी, सासरचं नाव सुहासिनी, बुधवार दिनांक २४ ऑक्टोबर २००७ रोजी दुपारी वारली. वय सदुसष्ट.