मास्तरांचा डावा बूट

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने उगाच मला शहाणपण शिकवायला येऊ नये. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलेलं आहे, आणि शेवटचं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हे सुरू झालं तेव्हा रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार, सकाळचे साडेदहा, डोक्यावर लख्ख ऊन.

ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, स्पोर्ट्‌स कार चालवायला शिकवायचे. शहराबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. विमानं कधीच बंद झाली, आता तिथे ही शाळा. हौसेने महागडी गाडी घेतलेले लोक येतात, कारण घेतल्यावर कळतं की ती जागेवरून झटकन उठवणं म्हणजे खायचं काम नाही.

क्लच खटकन सोडला की चाकं जागच्या जागी फिरतात. हळूहळू सोडला की गाडी निघते मऊसूत, पण आतली क्लच प्लेट घासून जळते. या दोन्हींच्या मधे एक क्षण असतो, प्लेट पकडते तो. तेवढाच पाय थबकायला हवा, आणि मग पेडलवरून साफ निघायला हवा.

तो क्षण डाव्या तळव्याला कळतो. म्हणून तिथले सगळे पातळ तळाचे बूट घालतात.

शाळेच्या मुख्य शिक्षकांना सगळे मास्तर म्हणायचे. माणूस महा तिरसट. शेजारच्या सीटवर बसायचे, हातात स्टीलची पट्टी. शिकणाऱ्याचा पाय क्लचवर जरा रेंगाळला की गुडघ्यावर टक्. मग तो कारखान्याचा मालक असो नाहीतर सर्जन.

दाजींनी तर ती पट्टी बारा वर्षं खाल्ली. शिकवायला लागल्यावरसुद्धा.

"तुला पाय आहे, पायाला अक्कल नाही," मास्तर चारचौघांत म्हणायचे. "मी मेलो तरी माझी जागा तुला पचू देणार नाही."

आणि दाजींना तीच जागा हवी होती. बारा वर्षांत त्या माणसाने दुसरं काही मागितलं नाही. ताईला विचारा, सणासुदीला नवा शर्टसुद्धा नाही.

मास्तर गेले ते गाडीतच. गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला. पाऊण तास झाला तरी ती हलली नाही म्हणून दाजी बघायला गेले. मास्तर कधीचे गार पडले होते.

पण डावा पाय…

डावा पाय क्लचवर होता. तळापर्यंत दाबलेला.

मेलेल्या माणसाने पाऊण तास गाडी धरून ठेवली होती.

दाजींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि पाय ओढला. निघेना. जोर लावला तेव्हा पाय निघाला आणि बूट हातात आला. दाजींनी तो उलटा करून पाहिला. तळ झिजून झिजून कागदासारखा झालेला. उजव्या बुटाचा तळ मात्र धडधाकट.

आणि माझ्या दाजींनी काय करावं? तो बूट स्वतःच्या पिशवीत टाकला.

मेलेल्याच्या पायातला बूट नेणारा माणूस चोरच, हे मी त्यांना तोंडावर म्हटलंय. ते म्हणाले, "त्या तळाला सगळं कळत होतं गं. मला फक्त परीक्षेपुरता हवा होता."

परीक्षा म्हणजे अशी. गाडी वीस वेळा उठवायची आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावायचं. पण नुसत्या वेळेवर तिथे कुणी हुरळून जात नाही. नंतर वर्कशॉपचा फोरमन गाडी वर चढवतो, गिअरबॉक्स उतरवतो, क्लच प्लेट बाहेर काढतो आणि व्हर्निअरने तिची जाडी मोजतो. आधीची जाडी लिहून ठेवलेली असते. ज्याने गाडी पटकन उठवली आणि प्लेट कमी झिजवली, त्याला मास्तरांची जागा.

उमेदवार दोघेच, दाजी आणि बाहेरून आलेला एक जण. त्याची परीक्षा सोमवारी झाली. प्लेट चांगलीच घासली होती.

मंगळवारी दाजी गाडीत बसले. उजव्या पायात स्वतःचा बूट, डाव्यात मास्तरांचा. गाडी तीच, मास्तर जिच्यात गेले ती.

फोरमनने हात वर केला. दाजींनी क्लच दाबायला पाय उचलला…

पेडल आधीच खाली गेलं होतं.

दाजींचा पाय अजून हवेत होता.

दुसरा कुणी असता तर दार उघडून पळाला असता. दाजींनी काय केलं, तर खाली गेलेल्या पेडलवर पाय ठेवला. बारा वर्षांची हाव, आणखी काय. गिअर टाकला, आवाज चढवला, हात खाली आला, पाय सुटला. गाडी बाणासारखी गेली. चाक नाही फिरलं, हिसका नाही बसला.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच.

सातव्या खेपेला दाजींना वाटलं, आता आपण थोडा वेळ धरून बघू. पाय क्लचवर किंचित रेंगाळला, आणि…

टक्.

डाव्या गुडघ्यावर. शेजारची सीट रिकामी होती.

विसावी खेप संपली तेव्हा फोरमन गाडीजवळ आला, वाकला, नाक पुढे केलं. पंचवीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. एवढ्या खेपांनंतर क्लचचा करपट वास येतोच, कितीही मोठा उस्ताद बसला असला तरी.

"वास कुठाय हो?" तो म्हणाला.

वास नव्हता.

गिअरबॉक्स उतरला, प्लेट बाहेर आली. आधी जाडी होती आठ पॉइंट चार मिलिमीटर. फोरमनने व्हर्निअर लावलं. पुसून परत लावलं. मग दुसरं व्हर्निअर आणून लावलं.

आठ पॉइंट चार.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. फोरमनने नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, "अहो, झीज कुठेतरी जाते. ती हवेत नाही विरत."

जागा दाजींना मिळाली. घरी येऊन त्यांनी ताईला हाक मारली, सोफ्यावर बसले, बूट काढला, मोजा काढला. ताई पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

डाव्या तळव्यावर रेषाच नव्हत्या. बोटांमागचा जो भाग पेडलवर टेकतो ना, तिथली कातडी वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी दाजींनी तो बूट नेऊन मास्तरांच्या शाळेतल्या कपाटात ठेवला. हात जोडले. माफी मागितली म्हणे. मग आपला स्वतःचा बूट घालून कामाला लागले.

काही फरक पडला नाही.

रोज दहा-पंधरा वेळा गाडी उठवून दाखवायची, आणि प्लेट नवीच्या नवी. दोन महिन्यांनी फोरमनने हट्टाने परत उघडली. आठ पॉइंट चार. त्याने प्लेट बसवली आणि त्या दिवसापासून दाजींशी बोलणं सोडलं.

त्याच सुमारास ताईचा मला फोन आला. ताई माझी घाबरट नाही, पण आवाज बारीक झाला होता.

"अगं, झोपेत कुणी पाय दाबतं का?"

"कुणाचे?"

"कुणाचे नाही गं. यांचा. दुपारी सोफ्यावर पडलेत. डावा पाय खाली जातो, मग हळू वर येतो, मधेच थांबतो, मग सुटतो. मी मघापासून बघतेय."

"उठव की मग त्यांना."

"उठवलं. डोळे उघडलेत त्यांचे. जागेच आहेत. म्हणतात, मी नाही करत आहे."

मी गेले. गुडघा पाहिला. निळे वळ होते, एकाला लागून एक, सगळे एकाच रुंदीचे. मी त्यांना झापलंच. म्हटलं, "दाजी, जागा गेली खड्ड्यात. पाय राहिला तर चालाल. उद्याच्या उद्या सोडा."

ते म्हणाले, "सोडली की तो जिंकला."

असा हट्ट. ज्याने बारा वर्षं छळलं त्याच्याशी तो मेल्यावरही स्पर्धा.

शेवटी डॉक्टरांनी दाजींचे डोळे उघडले. त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज पाय कशावर घासता?" कातडीखालचं मांस पातळ होत चाललं होतं. तीन महिन्यांत हाड लागेल, असं स्पष्ट सांगितलं. ताई डॉक्टरांसमोरच रडली. तेव्हा दाजींनी राजीनामा दिला.

आणि गाडी घेतली ऑटोमॅटिक. बिनक्लचची. मीच शोधून दिली. दोनच पेडल, दोन्ही उजव्या पायाला. म्हटलं, मास्तर, आता बघू कुठे दाबतोस.

एक महिना चांगला गेला. सोफ्यावरचं थांबलं, वळ फिके झाले, दाजी काठी न घेता जिन्यावरून उतरायला लागले. मला वाटलं, सुटलो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. पुन्हा सकाळच. आम्ही तिघं निघालो होतो. ताईला औषधं घ्यायची होती, दुकान रस्त्यापलीकडे. दाजींनी गाडी कडेला उभी केली, इंजिन चालूच. ताई मागच्या सीटवरून उतरली आणि गाडीच्या समोरून रस्ता ओलांडायला वळली.

तेवढ्यात इंजिनचा आवाज चढला.

मी दाजींकडे पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. तरी आवाज चढत होता… अगदी ठरलेल्या ठिकाणापर्यंत, आणि तिथे स्थिरावला.

मग त्यांचा डावा गुडघा उचलला गेला आणि सावकाश खाली गेला.

मी वाकून पाहिलं. डावीकडे पेडल नव्हतंच, सपाट कार्पेट. पण दाजींचा पाय कार्पेटला टेकलेला नव्हता. चार बोटं वर होता. हवेत. पोटरीची शीर न शीर ताठ झालेली, एवढ्या जोराने ते काहीतरी दाबून धरत होते.

"दाजी…"

"बोलू नकोस." त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "वर ढकलतोय तो. सुटला तर गाडी जाईल."

ताई बरोब्बर समोर होती. एक स्कूटर येत होती म्हणून ती थांबली होती, आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर. वळून तिने आम्हाला हातानेच विचारलं, काय झालं?



स्कूटर गेली. ताई पलीकडे पोचली. मी झडप घालून बटण दाबलं, इंजिन बंद केलं, चावी पर्समध्ये टाकली. सगळं शांत झालं. म्हटलं, "झालं. सोडा आता पाय."

दाजींनी नाही म्हणून मान हलवली. पाय तसाच हवेत, थरथरणारा. मोज्यातून रक्त झिरपायला लागलं होतं.

"बंद झालंय इंजिन," मी म्हटलं.

"तुला वाटतंय बंद झालंय," ते म्हणाले.

ताई औषधं घेऊन दुकानातून बाहेर आली. पिशवी सांभाळत, डावी-उजवीकडे बघत, पुन्हा आमच्या समोरूनच यायला निघाली.

"तिला मागून यायला सांग," दाजी म्हणाले. "लवकर सांग. मला आता नाही धरवत."

मी काच खाली करून ओरडले. का, ते न विचारता ताई मागून आली, हे माझं नशीब. ती आत बसली, दार लागलं, आणि गाडी… बंद गाडी, चावी माझ्या पर्समध्ये… एक हिसका देऊन दोन हात पुढे गेली.

आम्ही तिघांनीही तो हिसका अनुभवला. ताईला वाटलं, मागून कुणीतरी धडक दिली. मी हो म्हणाले.

दाजी आता घरीच असतात. गाडी अंगणात उभी आहे. ती विकायला माझं मन होत नाही, कुणाच्या गळ्यात मारणार असली वस्तू?  दाजी खुर्चीत बसले की डावा पाय चार बोटं वर धरतात आणि दात आवळून दाबत राहतात. आणि ताई बिचारी दिवसभर त्यांच्यासमोरून ये-जा करत असते.