इंजिनाची पलीकडची बाजू

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिला याहून बरं भूत दिलं असतं. उलट्या पावलांचं, मोकळ्या केसांचं, निदान एखादी किंकाळी फोडणारं.

यातलं भूत फक्त नट आवळतं.

वेळही धड नाही. अमावस्येची रात्र शोभली असती. ही होती दुपार. आषाढ सरत आलेला, पाऊस जेवायला गेल्यासारखा थांबलेला, आणि मालवणजवळ कोळंबच्या खाडीत सत्यवानाची बोट दोराला बांधलेली.

मला हे सत्यवानाने स्वतः सांगितलं. हा माणूस फुगवून सांगणारा नव्हे. जाळं फाटेस्तोवर बांगडा मिळाला तरी ‘बरो गावलो’ एवढंच म्हणतो.

त्याचा धाकटा भाऊ बाबली मागच्या थंडीत समुद्रात गेला. गेला म्हणजे काय, तर बोटीच्या मागच्या टोकाला जाळं सारखं करत उभा होता...

आणि मग उभा नव्हता.

वारा नाही. लाट नाही. हाक नाही. सगळ्या बोटी शोधायला फिरल्या. समुद्राने चप्पलसुद्धा परत दिली नाही.

मढं नाही म्हणजे मरणही अर्धवट. आई राधाबाईंचं म्हणणं, भटजींना बोलवावं, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि पोराला वाट मोकळी करून द्यावी. बाबलीची बायको सावित्री ऐकेना. ती रोज कुंकू लावायची. संध्याकाळी त्याचं ताट वाढायची आणि सकाळी ते गाईपुढे ठेवायची. वाद म्हणून घातला नाही तिने. एकदाच बोलली.

“माका मढां दाखवा. मगे पुसतंय.”

त्यानंतर विषय बंद.

सत्यवानाला मात्र काहीच वाटत नव्हतं. वाढलं की जेवायचा, दिवा मालवला की आडवा व्हायचा. बोटीकडे फिरकला नाही. पाणी झिरपत राहिलं, उपसायला कोणी नाही, शेवटी इंजिन बुडालं. लोकांनी येऊन सांगितलं. त्याने मान हलवली. लोकांना वाटलं केवढा धीराचा माणूस!

पण दोन चुली त्या एका बोटीवर. मासेमारी सुरू व्हायला आली तशी राधाबाईंनीच माणसं गोळा करून इंजिन काढलं आणि कुडाळला दुरुस्तीला पाठवलं. ते कट्टा गावावरून टेम्पोत डुलत परत आलं. शेजाऱ्यांनी चेनपुलीला लटकवून ते बोटीच्या पोटात उतरवलं, चार रबरी पायांवर टेकवलं, आणि सगळे निघून गेले.

जाणं भागच होतं. त्यांच्या घरची रीत तशी. इंजिन उतरवायला गाव चालतो, पण ते सरळ करायचं घरच्याच हातांनी. वडिलांपासून हेच. इंजिन आणि मागचा पंख्याचा दांडा एका रेषेत यावे लागतात. त्यांच्या सांध्याला कपलिंग म्हणतात. तिथे केसाएवढा फरक राहिला तर बोट थरथरत राहते, आणि एखाद्या दिवशी भर समुद्रात दांडा मोडतो. म्हणून पायांचे नट किंचित वर, किंचित खाली करत बसायचं. एक भाऊ डावीकडे, एक उजवीकडे. मधे इंजिन कपाटासारखं. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि ओरडलं तर बोटीच्या पोटात नुसता घुमारा होतो. म्हणून वडिलांनी खुणा घालून दिल्या होत्या. पाना लोखंडावर एकदा वाजवला की उचल. दोनदा, उतरव. तीनदा, पुरे.

बाबलीची बाजू उजवी.

त्या दुपारी सत्यवान एकटा. डावा नट फिरवायचा, पोटावर सरपटत पलीकडे जायचं, उजवा फिरवायचा, परत यायचं, कपलिंगच्या फटीत पत्र्याची पातळ पट्टी घालून बघायची. पट्टी खाली अडायची आणि वर खुशाल आत जायची. परत सरपटायचं. सरपटून सरपटून कोपरं सोलली.

शेवटी तो डावीकडेच बसून राहिला. आणि हाताला सवय म्हणून... पाना एकदा वाजवला.

टण्ण.

काही नाही. बाहेर पाणी बोटीला चाटत होतं.

मग पलीकडून...

कर्र... कर्र...

नट फिरल्याचा आवाज.

सत्यवानाने पट्टी घालून पाहिली. फट कमी झाली होती.

रबर बसलं असेल, असं त्याने ठरवलं. पाना दोनदा वाजवला.

कर्र...

फट वाढली. रबर एवढं आज्ञाधारक नसतं.

भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, भीती वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

मी म्हटलं, मग इंजिनावरून डोकावून तरी बघायचंस.

त्यावर तो म्हणाला, डोकावलो असतो आणि पलीकडे कोणी नसतं, तर उरलेलं काम कोणी केलं असतं?

तो काम करत राहिला. एक टोला, दोन टोले.

आणि मग... टोला पलीकडून आला.

एकच. उचल.

आता हुकूम तिकडून सुटू लागले. बाबली होताच तसा. धाकटा असून थोरल्याला शिकवणारा. सत्यवानाने निमूट आपला नट उचलला. पुन्हा टोला. पुन्हा उचलला. पट्टी आत जाईना. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

टण्ण. टण्ण. टण्ण.

हे तीन त्याने वाजवले नव्हते.

वरून सावली पडली. सावित्री होती. थर्मास घेऊन बांधावरून आली होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांनी.

“भावजी, तुमच्यावांगडा दुसरो कोण आसा?”

सत्यवानाने हातातला पाना खाली ठेवला.

“माका दोगांच्या पान्याचो आवाज इलो.”

कट्टा गावचा एक मिस्त्री आला होता, आताच गेला, असं सांगता आलं असतं. सुचलंही होतं, म्हणतो. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं.

“कोण नाय.”

ती खाली उतरली. पेल्यात त्याला चहा ओतला. मग थर्मासच्या झाकणात ओतला आणि हात लांब करून ते झाकण इंजिनाच्या उजव्या बाजूला ठेवलं. बाबली चहाचा वेडा. जीभ पोळली तरी वाट बघायचा नाही.

ती बसून राहिली.

सत्यवानाने आपला चहा संपवला. पलीकडची वाफ विरली. मग चहावर साय धरली.

कोणी हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने सावित्रीने झाकण उचललं, चहा खाडीत ओतला, झाकण विसळलं आणि घरी गेली. सत्यवान उजवीकडे सरपटत गेला. नट घट्ट होते. पण त्या बाजूला पाना नव्हता. दुसरा पाना पेटीत, फडक्यात गुंडाळलेला. फडक्याची गाठ तशीच.

घरी सावित्रीने सासूला सांगितलं, भटजींना बोलवा.

राधाबाई दचकल्या. “काय झालां गो?”

“जितो असतो तर चाय ठेवल्यान नसती.”

पुतळा झाला, अग्नी दिला. सत्यवानानेच दिला. सावित्रीने कुंकू पुसलं. ताट वाढणं थांबलं.

बोट चालू आहे. महिन्या-दोन महिन्यांनी हादऱ्याने नट सैल होतात, ते आवळावे लागतात. सगळ्याच बोटींचं असतं. परवा सत्यवान भेटला तेव्हा मी सहज विचारलं, तुझे होतात का सैल?

“माझे बाजूचे होतत,” तो म्हणाला.

आम्ही दोघं खाडीकडे बघत बसलो.

मग मीच विचारलं, सावित्रीला सांगितलंस हे?

“तिणा कुंकू पुसल्यान,” तो म्हणाला. “आता काय सांगू?”