एकाच पडद्याचे स्पीकर

स्पीकर घ्यायला मी एकटीच गेले. ह्यांनी कामाचं निमित्त काढलं होतं. मी नुकतीच निवृत्त झाले होते, आणि घरात गाणं लावायचं, तेही दारं सताड उघडी ठेवून, एवढं मनाशी पक्कं केलं होतं.

आमच्या घरात बावीस वर्षं गाणं नव्हतं. स्वयंपाकघरात मी नुसतं गुणगुणले, तरी मामंजी त्यांच्या खोलीतून म्हणायचे, "आवाज." पुढे काही नाही. तेवढ्यानं माझी जीभ टाळ्याला चिकटायची. ते जाऊन वर्ष झालं, तरी मी भांडी अजून हळूच ठेवत होते.

दुकानदारानं दोन जोड्या ऐकवल्या. पहिली कमरेएवढी उंच, आवाज काढणाऱ्या तीन-तीन पडद्यांची. ठेका पडला की छाती हादरायची. दुसरी म्हणजे साधी लाकडी खोकी, प्रत्येकात वीतभर कागदाचा एकच पडदा. जाड, बारीक, सगळा आवाज त्या एकातूनच.

"ठेका अंगावर येणार नाही ताई," तो म्हणाला, "पण माणसाचा गळा अखंड ऐकू येतो. समोर बसल्यासारखा."

त्यानं एका गायिकेचं गाणं लावलं. ओळ उचलण्याआधी तिनं घेतलेला श्वासही ऐकू आला. मी तीच जोडी घेतली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मी मामंजींच्या खोलीतच मांडली. मुद्दाम. तेच गाणं लावलं आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसले. कडवं संपलं. पुढच्या ओळीआधी बाईनं श्वास घेतला… आणि डाव्या स्पीकरमधून, अगदी हातभर अंतरावरून, कोणीतरी म्हणालं,

"आवाज."

खोलीत मामंजींच्या औषधी तेलाचा वास पसरला. सवयीनं बोटं बटणाकडे गेलीसुद्धा. मग मला स्वतःचाच असा काही संताप आला, की मी ते बटण उलट्या बाजूला फिरवलं. शेवटपर्यंत.

"नाही करणार कमी," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, पण निघाला.

गाण्याबरोबर मीही गायले. बेसूर, घसा खरवडत, सगळी कडवी. पुन्हा तो शब्द आला नाही.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, तेव्हा गाणं चालूच होतं. ह्यांनी उठून भिंतीतला प्लग उपटला, मागच्या ताराही सोडवल्या. गाणं थांबलं. पण डावा पडदा हलतच होता. आत, बाहेर. सावकाश, झोपलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. मी बोट टेकवलं. कागद कोमट होता.

"उद्या परत देऊन येतो," हे कुजबुजले.

"स्पीकर इथेच राहतील," मी म्हणाले. "त्यांना ऐकवत नसेल तर त्यांनी जावं."

मग मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि ताराबिरा नसताना, नुसत्या गळ्यानं गायला लागले. डावा पडदा थबकला. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात उजवा हलू लागला. भराभर, उथळ, धाप लागल्यासारखा. मामंजींचा श्वास मी ओळखते. हा त्यांचा नव्हता.

मी रोज गाते. उजवीकडे कोण ऐकत बसतं, ते अजून कळलेलं नाही.